बिनशिक्क्याची वजने

ज्या खात्यात माणसाने हयात घालवली त्या खात्याचा डोळा निवृत्तीच्या दिवशी कचेरीत जमा करून येता येत नाही, ही गोष्ट निवृत्तिवेतनाच्या नियमांत कोठेही नमूद नसली तरी अनुभवाने सिद्ध आहे. आमच्या शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर लग्नपत्रिका हातात आली की आधी पाकिटावरचे तिकीट नीट बाद झाले आहे की नाही हे पाहतात आणि मग सावकाश वधूवरांच्या नावाकडे वळतात. बांधकाम खात्यातले माझे एक स्नेही देवळात गेले म्हणजे हात जोडण्यापूर्वी गाभाऱ्याच्या छताला ओल आली आहे काय याची मान वर करून खातरजमा करून घेतात, आणि भोवतालच्या मंडळींना मात्र ते ऊर्ध्वमुख होऊन भगवंताला आळवीत आहेत असे वाटते. मी स्वतः 1958 साली, म्हणजे शेर-छटाकांची मुदत संपवून त्यांच्या जागी किलो-ग्रॅमांची प्रतिष्ठापना करण्याचे काम सरकारने हाती घेतले त्याच वर्षी, वजन-मापे खात्यात निरीक्षक म्हणून रुजू झालो आणि बत्तीस वर्षे बाजाराच्या धुळीत तराजूच्या दांड्या तपाशीत हिंडलो. त्याचा परिणाम असा, की आजही भाजी घेताना माझी नजर भाजीकडे न जाता काट्याकडे जाते, आणि त्यामुळे आमच्या घरी वजनाला बिनचूक परंतु आतून किडकी अशी वांगी येतात, अशी आमच्या कुटुंबाची कायमची तक्रार आहे.

अशा माणसाला राष्ट्रीय संग्रहालयात नेऊ नये. परंतु दिल्लीत नोकरीला असलेल्या आमच्या धाकट्या मेहुण्यांना ही सूक्ष्म गोष्ट ठाऊक असण्याचे कारण नव्हते. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे करोलबागेत जाऊन पोहोचलो, आणि लाल किल्ला, कुतुबमिनार व बिर्ला मंदिर ही सालाबादप्रमाणे पाहुण्यांना दाखवावयाची तीन स्थळे दोन दिवसांत संपून गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी, चहाचा पेला दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "दाजी, आज तुम्हांला पाच हजार वर्षांपूर्वीची भांडीकुंडी दाखवतो." "भांडी घरी काय कमी आहेत?" असे आमचे कुटुंब स्वेटरची गुंडी लावता लावता म्हणाले खरे, पण घरी थांबले असते तर भावजयीबरोबर मटाराच्या शेंगा सोलाव्या लागल्या असत्या, हा विचार त्यांच्या मनात आला असावा. आम्ही निघालो.

या संग्रहालयाची जन्मकथा मेहुण्यांनी बसमध्येच सांगून टाकली आणि ती मला मोठी घरगुती वाटली. 1947-48 च्या हिवाळ्यात लंडनला भारतीय कलेचे एक भव्य प्रदर्शन भरले होते. त्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून मूर्ती, ताम्रपट, चित्रे अशा नानाविध वस्तू मागून नेलेल्या होत्या. त्या बोटीने परत आल्यावर, ज्याच्या त्याच्या घरी पाठवण्यापूर्वी दिल्लीकरांनाही एकदा दाखवाव्यात म्हणून मांडल्या, आणि मांडल्यावर त्या इतक्या शोभून दिसू लागल्या की त्या परत पाठवण्याऐवजी त्यांच्यासाठी एक कायमचे घरच करावे असे ठरले. 15 ऑगस्ट 1949 रोजी राष्ट्रपतिभवनातच संग्रहालय उघडले, आणि 1960 च्या डिसेंबरात ते जनपथावरच्या आपल्या इमारतीत राहावयास आले. मुंजीसाठी शेजाऱ्यांकडून मागून आणलेली पातेली मुंज आटोपल्यावर आपल्याच फडताळात चांगली दिसतात म्हणून ठेवून घेण्याची रीत आमच्या आळीतही आहे, फक्त तिला इतके भारदस्त नाव अद्यापि कोणी दिलेले नाही.

इमारत गोल आहे. मधोमध मोठा वर्तुळाकार चौक आणि त्याच्या भोवती फिरणारे पडवीसारखे प्रशस्त सोपे अशी तिची रचना असल्यामुळे, उजवीकडे वळत राहिले तर माणूस निघाल्या जागी परत येतो; सरकारी कागदाला ही गती आहे हे मला पूर्वीपासून ठाऊक होते, इमारतीलाही असू शकते हे तेथे कळले. फाटकाशी काचेच्या घरात उभा केलेला देवाचा प्रचंड लाकडी रथ पाहून आमच्या कुटुंबाने चप्पल काढून नमस्कार केला. मेहुण्यांनी तिकिटे काढली, आमची पिशवी दारावरच जमा करून घेण्यात आली, तिच्याबद्दल पितळी बिल्ला मिळाला, आणि मी सवयीने बिल्ला पालथा करून त्याच्यावर काही शिक्का आहे काय ते पाहिले.

पहिल्याच दालनात सिंधू संस्कृती होती. मोहेनजोदडोच्या त्या सुप्रसिद्ध नर्तकीचे चित्र मी शाळेच्या पुस्तकात पाहिलेले होते, आणि पुस्तकाच्या अर्ध्या पानाची उंची तिला दिलेली असल्यामुळे माझ्या मनात ती निदान चांगली खांद्याइतकी तरी असावी असा समज दृढ झालेला होता. प्रत्यक्षात ती साडेदहा सेंटिमीटरची, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. 1926 साली उत्खननात ती सापडली तेव्हा मातीच्या ढेकळाबरोबर भिरकावली कशी गेली नाही याचेच मला नवल वाटले. एक हात कमरेवर, हनुवटी किंचित वर, आणि चेहऱ्यावर 'तुमचे काय म्हणणे आहे ते लेखी द्या' असा भाव. मी पुष्कळ अव्वल कारकून पाहिले आहेत, पण तो भाव इतक्या शुद्ध स्वरूपात ब्राँझमध्ये ओतलेला प्रथमच पाहिला. आमच्या कुटुंबाने मात्र पाहिले ते निराळेच. "एका हातात दंडापर्यंत बांगड्या, आणि दुसऱ्या हातात मोजून चार," त्या म्हणाल्या. "उजव्या हाताने काम करायची असणार बिचारी." पुरातत्त्वज्ञांनी या विषयावर काय लिहिले आहे ते मी वाचलेले नाही, परंतु याहून सयुक्तिक कारण त्यांना सापडले असेल असे मला वाटत नाही.

माझी अडचण वेगळी होती. मूर्तीखालच्या चिठ्ठीवर तिचे गाव, तिचा काळ, तिचा धातू, तिची उंची, सर्व काही तपशीलवार दिलेले होते. वजन तेवढे दिलेले नव्हते. पुढची चिठ्ठी पाहिली, तिच्यापुढची पाहिली. लांबी होती, रुंदी होती, जाडीसुद्धा होती, पण वजनाच्या नावाने पूज्य. सराफाने दागिना विकताना तो किती इंच लांब आहे एवढेच सांगावे आणि किती तोळे आहे हे विचारल्यावर छताकडे पाहावे, असा हा प्रकार झाला. मी मेहुण्यांना तसे म्हणालो. ते म्हणाले, "दाजी, ही विकायला नाही ठेवलेली." एका ठिकाणी तर नुसतीच चिठ्ठी होती आणि वस्तू अभ्यासासाठी बाहेर काढली आहे असा मजकूर तिच्यावर होता. वस्तू नसताना चिठ्ठी आपल्या जागी अचल राहते, हे पाहून मला त्या संस्थेविषयी प्रथमच आपलेपणा वाटला.

आणि मग, मातीच्या बैलगाड्या, शिट्ट्या व मान हलवणारा बैल ओलांडून मी एका काचपेटीपाशी आलो आणि खिळून उभा राहिलो. तिच्यात दगडी वजने होती.

चर्ट नावाच्या, चकमकीच्या जातीच्या कठीण दगडाचे ते घनाकृती ठोकळे होते. कडा सरळ, अंग घोटून गुळगुळीत केलेले, काहींवर फिकट पट्ट्यांची नैसर्गिक नक्षी. सर्वांत लहान फाशाएवढा, आणि मग क्रमाने थोरला, त्याहून थोरला. मेहुणे जवळच्या फलकावरून मोठ्याने वाचू लागले: ही वजने एकास दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट या प्रमाणात चढत जातात, पुढे 160, 320, 640 अशी दशमानाने वाढतात, आणि त्यांपैकी सोळाच्या घरातले, सुमारे साडेतेरा ते पावणेचौदा ग्रॅमांचे वजन सर्वांत अधिक आढळते. ते वाचून ते पुढे पशुपतीच्या मुद्रेकडे निघून गेले. मी मात्र जागचा हललो नाही, कारण त्या आकड्यांनी माझ्या कानात एक फार जुना आवाज जागा केला होता. आमच्या गावच्या शाळेत तिन्हीसांजेला ओसरीवर बसून आम्ही कोष्टके म्हणत असू: दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. मी काचेवर बोट ठेवून मोजू लागलो. निळवे एक धरले तर कोळवे दोन, चिपटे चार, मापटे आठ, शेर सोळा, अधोली बत्तीस, पायली चौसष्ट. ती धान्याची मापे आणि ही वजने, हा भेद मी जाणतो. मोहेनजोदडोची पायली थेट आमच्या ओसरीवर चालत आली असे म्हणण्याचे धाडसही मी करणार नाही. एवढ्याशा पुराव्यावर मी माझ्या उमेदीत कोणा वाण्याला दंडसुद्धा केला नसता. पण 1962 साली, किलो सक्तीचा झाला तेव्हा गावोगाव चावडीपुढे उभा राहून 'दशमान ही अगदी नवी शास्त्रीय पद्धत आहे' असे जे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगत फिरलो, ते आठवून त्या 160 आणि 320 च्या ठोकळ्यांपुढे मला काहीसे ओशाळल्यासारखे झाले. त्यांच्याकडे दुप्पटही होती आणि दशमानही होते, आणि त्यासाठी त्यांनी कोणाला भाषणे दिल्याचे दिसत नाही.

"बाबूजी, शीशे से ज़रा हटकर," मागून आवाज आला.

पहारेकरी होता. खाकी लोकरी कोट, गळ्यात मफलर, वय पन्नाशीच्या घरात. मी काचेवर नाक टेकून, खिशातले भिंग काढून त्या ठोकळ्यांच्या सहाही बाजू पाहण्याची धडपड करीत असल्यामुळे त्याचा संशय बळावणे साहजिक होते. मी त्याला माझ्या हिंदीत, म्हणजे मराठीलाच किंचित आचके देऊन, सांगितले की मी या खात्याचा निवृत्त अधिकारी आहे आणि या वजनांवर शिक्का कोठे दिसत नाही. त्याने विचारले, कसला शिक्का? तेव्हा मी त्याला समजावून दिले, की लोखंडी वजनाच्या अंगात एक भोक ठेवलेले असते, त्यात शिसे ठोकलेले असते, आणि त्या शिशावर निरीक्षक आपला क्रमांक, वर्ष आणि तिमाही यांची खूण हातोडीने उमटवतो. तशी खूण नसेल तर ते वजन कायद्याने वजन नव्हे, तो लोखंडाचा तुकडा. आणि दगडाचा तर प्रश्नच येत नाही. पहारेकऱ्याने वाकून काचपेटीत पाहिले, बहुधा वीस वर्षांत प्रथमच पाहिले असावे, आणि गंभीरपणे म्हणाला, "इन पर तो कुछ नहीं लिखा." मग तो गढवालचा निघाला. त्याच्या गावाकडे चार माण्यांचा एक पाथा आणि सोळा पाथ्यांचा एक दोण होतो, हे त्याने बोटे मोडून मला सांगितले. आमच्याकडे सोळा पायल्यांचा मण, हे मी त्याला सांगितले. आणि सोळा या आकड्यावर आमचे दोघांचे एकमत झाल्यामुळे त्याने मला काचेला नाक लावण्याची तोंडी परवानगी दिली.

येथे माझ्या मनाची जी स्थिती झाली ती समजण्यासाठी माझ्या नोकरीविषयी थोडे सांगणे भाग आहे. लोकांची अशी समजूत असते, की वजन-मापे निरीक्षक म्हणजे पारड्याखाली चिंच चिकटवणारे, पोकळ दांडीत पारा खेळवणारे आणि वजनातले शिसे कोरून त्या जागी मेण भरणारे जे धूर्त व्यापारी असतात त्यांचा कर्दनकाळ. तसे व्यापारी असतात, पण ते बाजाराच्या दिवशी निरीक्षक येणार हे निरीक्षकाच्या आधी ओळखतात. आमच्या हाती लागत ते दगड. आठवड्याच्या बाजारात गोणपाटावर बसून चार वांगी, दोन जुड्या मेथी विकणाऱ्या बायाबापड्यांचे ते पावशेराचे, अच्छेराचे, शेराचे दगड. ते लपवण्याची अक्कल त्यांना नसे आणि पळण्याची ताकद नसे. माझ्या बत्तीस वर्षांतल्या जप्तीच्या दप्तरात 'दगड, नग' या सदराखाली जेवढ्या नोंदी आहेत तेवढ्या दुसऱ्या कोणत्याही सदराखाली नाहीत. आणि येथे, राष्ट्राच्या राजधानीत, राष्ट्राच्या खर्चाने, तोच मुद्देमाल मखमलीवर मांडून त्याच्यावर दिवा सोडलेला होता.

त्या सर्व दगडांत एका दगडाची आठवण मला विशेष आहे. तालुक्याच्या बाजारात कोपऱ्याला एक म्हातारी बसत असे. तिच्या पारड्यात एक काळाभोर, नदीतला, घोटीव दगड होता आणि त्याच्या पोटाशी चिंधीने बांधलेला एक लहान दगड होता. हे काय प्रकरण आहे असे मी विचारताच तिने अत्यंत सरळपणे जबानी दिली. "सायेब, ह्यो माज्या सासूचा अच्छेर हाय. किलो आला तवा तुमचं सरकार म्हनलं, अच्छेर बारका पडतोय. मग म्या ह्याच्या पोटाला ह्ये पोर बांधलं." आता जुना शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमांचा; त्याचा अच्छेर 466 ग्रॅम, आणि अर्धा किलो व्हावयाला त्यात 34 ग्रॅमांची भर हवी. मी माझ्या सागवानी पेटीतली पितळी प्रमाण-वजने काढून तिची मायलेकरे तोलली. 517 ग्रॅम भरली. म्हणजे सासूचा अच्छेर जवळपास बिनचूक होता, पण पोर बांधताना सुनेचा अंदाज सढळ झाला होता आणि ती प्रत्येक गिऱ्हाइकाला अर्ध्या किलोमागे सतरा ग्रॅम वांगी फुकट देत होती. मी तिला सांगितले, की वजन जास्त भरणे हीसुद्धा कसूरच आहे. ती म्हणाली, "जास्त जातंय ते माजं जातंय न्हवं?" या युक्तिवादाला नियमात उत्तर नव्हते, म्हणून मी पंचनामा लिहावयास घेतला: 'काळसर दगड एक, त्यास चिंधीने बांधलेला लहान दगड एक, येणेप्रमाणे नग दोन.' दोन पंचांचे अंगठे घेतले. पाच रुपये दंड झाला, तो तिने कनवटीतून काढून दिला. पुढच्या बाजाराला तिने शिक्क्याचे लोखंडी वजन आणले, आणि तेव्हापासून तिच्या गिऱ्हाइकांना बरोबर अर्धा किलो, एक ग्रॅमही जास्त नाही, अशी वांगी मिळू लागली. कायद्याचा हेतू अशा रीतीने सफल झाला.

मी हे सारे आठवीत काचपेटीपुढे उभा असतानाच आमचे कुटुंब पायांना रग लागल्याची तक्रार घेऊन तेथे आले. त्यांनी त्या ठोकळ्यांकडे एकवार पाहिले आणि शांतपणे निकाल दिला, "आपल्या बरणीवरचा दगड याहून गुळगुळीत आहे." मी काही बोललो नाही. न बोलण्याचे कारण पुढे येईल.

लोथलपासून हडप्प्यापर्यंत, म्हणजे गुजरातेच्या किनाऱ्यापासून पंजाबपर्यंत, या वजनांचे एकच प्रमाण चालत होते असे म्हणतात, आणि ज्या लोकांत हे चालत होते त्यांच्या एकाही राजाचे नाव आजवर कोणास वाचता आलेले नाही, कारण त्यांची लिपीच उलगडलेली नाही. राजाचा पत्ता नाही, हुकूम नाही, फर्मान नाही, शिक्का नाही, आणि वजने बरोबर! माझ्या खात्याच्या अस्तित्वावर याहून मोठा आक्षेप मी आजवर ऐकलेला नव्हता. पण पुढे मौर्यकाळात पोहोचल्यावर माझा जीव पुन्हा भांड्यात पडला. कौटिल्याने पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमलेला आहे, आणि तो वजन-मापांचा अध्यक्ष, म्हणजे माझ्या पदाचा साक्षात मूळपुरुष होय. दर चार महिन्यांनी वजने तपासून घ्यावीत आणि न तपासलेली वजने वापरणाऱ्यास सव्वासत्तावीस पण दंड करावा असा त्याचा नियम आहे. सव्वासत्तावीस! दंडाला हा जो सव्वाचा शेंडा आहे त्यावरून तो नियम कोणा विचारवंताने केलेला नसून कोणा अनुभवी कारकुनाने केलेला आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. मात्र त्याच कौटिल्याने वजने लोखंडाची असावीत किंवा मगध आणि मेकल येथील दगडांची असावीत, असेही सांगून ठेवले आहे. दगड चालतो. म्हणजे माझ्या म्हातारीवरचा निम्मा आरोप पाटलिपुत्राच्या कचेरीत टिकला नसता.

परतताना मेहुण्यांनी मला पुन्हा सिंधू दालनात नेले, कारण त्यांना एक हार दाखवावयाचा राहिला होता. मोहेनजोदडोला सापडलेला, हिरवट जेडचे लांबट मणी आणि सोन्याच्या चकत्या ओवलेला तो हार आहे, म्हणजे अर्धा हार आहे. फाळणीच्या वेळी उत्खननातल्या वस्तूंचीही वाटणी झाली. नर्तकी आपल्याकडे राहिली, दाढीवाला पुरोहित-राजा आज कराचीला आहे. आणि काही दागिने एका बाजूला गेले तर दुसरी बाजू नाराज होईल म्हणून त्यांची दोरीच उकलून मणी निम्मे निम्मे करण्यात आले. या हाराचे तसे झाले, कार्नेलियनच्या लांब मण्यांच्या एका कमरपट्ट्याचेही तसेच झाले. मेहुणे हे सांगताना खिन्न झाले होते. मी विचारले, "मणी मोजून वाटले की तोलून?" ते माझ्याकडे पाहतच राहिले, पण माझा प्रश्न उपहासाचा नव्हता, कारण आमच्या घराण्यात हे घडलेले आहे. आजोबांच्या पश्चात माझे वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा तांब्यापितळेची सारी भांडी अंगणात तराजू टांगून, धडा करून तोलली गेली. दोन्ही ढीग समसमान झाले आणि एक घंगाळ उरले. ते वडिलांनी काकांना द्यावे असे आजीचे म्हणणे, काकांनी वडिलांना द्यावे असे आत्याचे म्हणणे, आणि दोघे भाऊ तर 'मला नको, त्यालाच द्या' असे इतक्या जोराने म्हणू लागले की मारामारी होण्याची वेळ आली. अखेर तांबटाला बोलावून ते घंगाळ उभे कापले. त्यातले आमच्या वाट्याचे अर्धे घंगाळ पुढे कित्येक वर्षे माळ्यावर पडून होते. त्यात पाणी राहत नसे आणि ते मोडीत घालण्यास वडील तयार होत नसत. त्या हाराच्या काचेपुढे मी बराच वेळ उभा होतो. बाजूला शाळेची पोरे रांगेत चालली होती आणि त्यांच्या बाई हार 'पूर्ण' किती मोठा असेल ते दोन्ही हात पसरून दाखवीत होत्या.

वरच्या मजल्यांवर चित्रे होती, शस्त्रे होती, ताम्रपट होते, मध्य आशियातून आणलेली भित्तिचित्रे होती; पण पायांचा आणि ज्ञानाचा संबंध किती घनिष्ठ आहे हे संग्रहालयात जितके कळते तितके अन्यत्र कळत नाही, आणि दुपारी दोननंतर आम्ही वस्तूंपेक्षा बाकांचा शोध अधिक आस्थेने घेत होतो हे कबूल केले पाहिजे. नाण्यांच्या दालनात तेवढा मी क्षणभर ताजा झालो. तेथली ती जुनी आहत नाणी, चांदीच्या वेड्यावाकड्या तुकड्यांवर सूर्य, डोंगर, झाड असे ठसे ठोकलेली. आकार कसाही असो, कोपरे कातरून वजन मात्र जमवलेले; कार्षापणाचे प्रमाण बत्तीस रत्तींचे. येथेही बत्तीस! रत्ती म्हणजे आमची गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आणि त्या नाण्यांवर ठसे होते, एकेका नाण्यावर चार-चार, पाच-पाच. शिक्के पाहून माझ्या डोळ्यांना जो गारवा वाटला त्याचे वर्णन शिक्के न मारलेल्या माणसाला करून सांगता येणार नाही.

आता बरणीवरच्या दगडाविषयी. जप्त केलेला माल आमच्या कचेरीच्या मागल्या खोलीत ठेवला जात असे. प्रत्येक नगाला सुतळीने चिठ्ठी बांधलेली. तिच्यावर गावाचे नाव, तारीख, दावा क्रमांक, वर्णन. संग्रहालय पाहून आल्यावर लक्षात आले, की आम्हीही तेथे तेच करीत होतो, आणि वजनही लिहीत होतो. पुढे केव्हातरी वरून हुकूम आला, की मुदत संपलेला मुद्देमाल मोडून त्याचा लिलाव करावा. लोखंड गेले, पितळ गेले, दगडाला बोली आली नाही. 'दगड मोडीत निघत नाहीत, तरी पुढील तजवीज काय करावी' असे मी लिहून विचारले. 'नियमानुसार करावी' असे उत्तर आले. या पत्रव्यवहारात दोन पावसाळे गेले आणि तिसऱ्या पावसाळ्यात कचेरीच्या फाटकाशी इतका चिखल झाला, की आमच्या शिपायाने कोणताही जावक क्रमांक न घालता तीनशेच्या वर दगड पायवाटेवर अंथरून टाकले. सत्तर-ऐंशी गावांची वजने तेथे एका जागी पुरली गेली आहेत. दोन-चार हजार वर्षांनी कोणी विद्वान तेथे कुदळ मारील आणि या लहानशा तालुक्याच्या ठिकाणी एक अतिविशाल व्यापारपेठ होती, तेथील व्यापाऱ्यांत वजनाबाबत एकवाक्यता मात्र मुळीच नव्हती, असा प्रबंध लिहील, याची मला खात्री आहे. त्याच दिवशी संध्याकाळी शिपाई आमच्या घरी एक काळाभोर दगड ठेवून गेला, कारण खारातल्या कैऱ्या वर येऊ नयेत म्हणून बरणीवर ठेवण्यासाठी चांगला जड दगड आणून दे असे 'वहिनीसाहेबां'नी त्याला सांगून ठेवले होते. चिंधी आणि पोर तेवढे वाटेत कोठे गळून पडले होते.

दिल्लीहून परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी, आमचे कुटुंब हळदीकुंकवाला गेल्याची संधी साधून मी तो दगड बरणीतून काढला, चिंच लावून धुतला, पुसला आणि रुमालात बांधून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नेला. मला पाहताच त्याने सवयीने दोन वजने गल्ल्याखाली सरकवली. मी तिकडे दुर्लक्ष केले. दगड पारड्यात ठेवून म्हणालो, तोल. त्याने तोलला, पुन्हा तोलला. 466 ग्रॅम. इतकी वर्षे खारात राहून सासूचा अच्छेर होता तेथेच होता. घरी येऊन मी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटातली प्लास्टिकची फुले बाजूस केली, माझी निवृत्तीच्या वेळची शाल घडी करून खाली अंथरली, तिच्यावर दगड ठेवला आणि उत्तम अक्षरात चिठ्ठी लिहिली: 'वजन, दगडी. अच्छेर. किलोपूर्व काळ. बिनशिक्क्याचे. 466 ग्रॅम.' त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

सकाळी पाहतो तो कपाटात नुसतीच चिठ्ठी. मी स्वयंपाकघरात गेलो. बरणी होती तेथे होती, दादरा ताणून बांधलेला होता, आणि त्याच्याखाली गोल फुगवटा दिसत होता.

"अहो, काय हे," कुटुंब चहा गाळता गाळता म्हणाले, "सगळ्या कैऱ्या वर आल्या होत्या."

मी बाहेर आलो, पेन काढले, आणि चिठ्ठीवर मोकळ्या राहिलेल्या जागेत आणखी एक ओळ लिहिली: 'वस्तू अभ्यासासाठी बाहेर काढली आहे.'